आजोबांची नल्ली

आमच्या घरी पत्र्याच्या एका ट्रंकेत आजोबांची नल्ली आहे. नल्ली म्हणजे सीडीसी, खलाशाच्या प्रत्येक सफरीची नोंद असलेलं पुस्तक. जुने बोटवाले तिला नल्लीच म्हणत. आजोबा सुकाणी होते, गोऱ्या कंपनीच्या आगबोटींवर. पानापानावर जहाजाचं नाव, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख आणि शेजारी 'व्हेरी गुड' असा शिक्का. लहानपणी मला ते शाळेचं प्रगतिपुस्तकच वाटायचं. आजी ती नल्ली देव्हाऱ्याखालच्या फडताळात ठेवायची. ती हरवली तर पुढची बोट नाही, आणि बोट नाही तर घरात तांदूळ नाही, इतका सरळ हिशेब होता.

मी स्वतः १९७६ साली गुजरातेत नवलखीला 'नौलक्षी' या सरकारी प्रशिक्षण जहाजावर खलाशाचं काम शिकलो. पुढे एकेक परीक्षा देत कॅप्टन झालो. चौतीस वर्षं समुद्रावर गेली, नंतरची नऊ वर्षं नवी मुंबईतल्या एका संस्थेत पोरांना शिकवण्यात. आता दापोलीजवळ गावी असतो. दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या पडवीत पोरं आणि त्यांचे आईबाप येऊन बसतात. "कॅप्टनकाका, याला बोटीवर पाठवायचाय." त्यांना मी जे सांगतो, तेच इथे लिहितो आहे.

त्याआधी एका खात्याची ओळख करून द्यायला हवी, कारण पुढच्या प्रत्येक गोष्टीत ते येणार आहे. त्याचं नाव नौवहन महानिदेशालय. आमच्या तोंडी नुसतं 'डीजी'. सप्टेंबर १९४९मध्ये ते मुंबईत सुरू झालं. पुष्कळ वर्षं बॅलार्ड इस्टेटीत जहाज भवनात होतं, आता कांजूरमार्गला आहे. १९५८च्या मर्चंट शिपिंग कायद्याने त्याला हातपाय दिले. २०२५मध्ये संसदेने त्या जागी नवा कायदा मंजूर केला. जहाजांची नोंदणी, जहाज समुद्रात न्यायच्या लायकीचं आहे की नाही याची तपासणी, खलाशापासून कॅप्टनपर्यंतच्या परीक्षा, शिकवणाऱ्या संस्थांची मान्यता, भरती करणाऱ्या एजंटांचे परवाने, हे सगळं त्याच्या अखत्यारीत. बंदराच्या शहरांबाहेर हे खातं फारसं कुणाला ठाऊक नाही. आमच्या किनाऱ्यावर मात्र कितीतरी घरांची चूल त्याच्या शिक्क्यावर पेटते.

१. आधी डोळे, मग पैसे

गुहागरकडचा एक मुलगा. हुशार, पोहायला मासोळी. बापाने आंब्याची कलमं गहाण टाकून एका खासगी संस्थेत फी भरली. कोर्स झाला, आणि पुढच्या तपासणीत कळलं की त्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. रात्रीच्या समुद्रावर समोरच्या जहाजाची डावी बाजू लाल दिवा सांगतो आणि उजवी हिरवा. ज्याला तो फरक दिसत नाही, त्याला ब्रिजवर उभा करता येत नाही. इथे वशिला चालत नाही आणि चालूही नये. पण हे त्याला फी भरण्याआधी सांगायला हवं होतं. सुरुवातीच्या डॉक्टरी तपासणीत कुणीतरी डोळेझाक केली आणि त्याची किंमत त्या बापाने मोजली.

म्हणून पडवीत आलेल्या पोराला मी पहिला प्रश्न गुणांचा विचारत नाही. महानिदेशालयाने मान्यता दिलेल्या डॉक्टरांची यादी असते. त्यातल्या एकाकडे जा, रंगांची तपासणी नीट करून घे, कागद हातात घे, आणि मग बाकीचं बोलायला ये.

२. घाट सारंग गेला, त्याचा नातू आला

आजोबांच्या काळी मुंबईत बोट मिळवायची तर आधी घाट सारंगाचे पाय धरावे लागत. तो दलाल. कंपनीला माणसं पुरवायची आणि माणसांकडून पैसे घ्यायचे. पहिल्या महिन्याचा पगार त्याचा, वर त्याच्याच ओळखीच्या खाणावळीत उधारीवर राहायचं. आजोबा म्हणायचे, बोटीवर चढलो की पहिले दोन महिने मी माझ्यासाठी नव्हे, त्याच्यासाठी सुकाणू धरायचो. आमचे शेजारी सारंगचाचा (बोटीवरचा सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम) आमच्या घराला भावासारखे होते, पण घाट सारंगाचं नाव निघालं की तेही थुंकत.

१९५४मध्ये मुंबईत सरकारी सीमेन्स एम्प्लॉयमेंट ऑफिस सुरू झालं. खलाशांची यादी, यादीत नंबर आणि नंबराप्रमाणे बोलावणं. नंबर यायला महिनोन् महिने लागत, डोंगरीत गावाच्या खोलीत पोरं पत्ते खेळत दिवस काढत, हेही खरं. पण ज्याचा नंबर त्याची बोट, हे तत्त्व म्हणून उभं राहिलं. ही गोष्ट मला फार मोठी वाटते. पुस्तकांत तिच्याबद्दल दोन ओळीसुद्धा सापडत नाहीत.

आज ती रांग नाही. भरती खासगी कंपन्या करतात आणि त्यांना महानिदेशालयाचा परवाना लागतो. तो आरपीएसएल. २००५च्या नियमांपासून ही पद्धत आहे. परवानाधारक कंपनीने मुलाकडून नोकरी देण्यासाठी एक रुपयाही घ्यायचा नसतो. तरीही पैसे घेणारे आहेतच. मोबाइलवर जाहिरात, स्टेशनजवळ दोन खोल्यांचं ऑफिस, भिंतीवर जहाजाचं चित्र. घाट सारंग निदान खरी बोट तरी द्यायचा.

आमच्याच वाडीतला एक मुलगा अशा एकाला चार लाख देऊन गेला. आईचं मंगळसूत्र त्यात होतं. त्याला टुरिस्ट व्हिसावर आखातात नेलं आणि एका जुनाट टगवर चढवलं. टग नांगरावरच. मालक फोन उचलेना. सात महिने पगार नाही, मग डिझेल संपलं, मग पिण्याचं पाणी मोजून. त्याच्या आईने मला तो फोन दिला तेव्हा पलीकडून तो पोर एवढंच म्हणाला, "काका, भात संपलाय."

मी पत्रं लिहिली. महानिदेशालयाला, वकिलातीला, खलाशांच्या संघटनेला. तेव्हा मला एक गोष्ट आतून कळली. तो परवानाधारक कंपनीकडून गेला असता तर त्याच्या करारावर धरायला एक हात असता. इथल्या इथे कंपनीला जाब विचारता आला असता, तिचा परवाना पणाला लागला असता. कागदोपत्री तो खलाशी म्हणून देशाबाहेर गेलेलाच नव्हता. तो पर्यटक होता. मोठ्या जहाजांवर आता आंतरराष्ट्रीय नियमाने विमा असतो: दोन महिने पगार थकला तर खलाशाला वाऱ्यावर सोडलं असं धरतात, आणि घरी परत आणण्याचा खर्च व चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार त्या विम्यातून मिळतो. हा नियम ज्या सागरी श्रमकरारात आहे, तो भारताने २०१५मध्ये स्वीकारला. त्या टगवर असा कुठलाही विमा नव्हता. अकराव्या महिन्यात वकिलातीच्या मदतीने तो परत आला. बारा किलो वजन कमी झालं होतं.

तेव्हापासून माझा हट्ट असा: कंपनीचा परवाना क्रमांक महानिदेशालयाच्या संकेतस्थळावर माझ्यासमोर तपासायचा. जहाजाचं नाव पुरेसं नाही, नावं बदलतात. त्याचा सात आकडी आयएमओ क्रमांक मागायचा, तो जहाज भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. करार निघण्याआधी हातात हवा. आणि टुरिस्ट व्हिसा म्हटलं की उठून यायचं. "तिथे गेल्यावर बदलून देऊ" हे वाक्य ऐकून गेलेल्यांना मी परत येताना पाहिलं आहे.

३. बर्थ नसेल तर वर्ग रिकामाच

ही गोष्ट मला सर्वांत जास्त टोचते, म्हणून थोडं विस्ताराने सांगतो.

जहाजावरचा अधिकारी अर्धा वर्गात घडतो आणि अर्धा डेकवर. एक वर्षाचा डिप्लोमा केलेल्या डेक कॅडेटला पुढे दीड वर्ष प्रत्यक्ष जहाजावर काढावं लागतं, त्याशिवाय सेकंड मेटच्या परीक्षेला बसता येत नाही. तीन वर्षांची बीएस्सी केली तरी एक वर्ष लागतंच. हा काळ काढायला जहाजावर जागा लागते, झोपायला बंक, शिकवायला अधिकारी, जेवायला ताट. यालाच आम्ही बर्थ म्हणतो. संस्था काढायला इमारत पुरते. बर्थ काढायला जहाज लागतं.

हे दुखणं आजचं नाही. १९२७मध्ये मुंबईच्या बंदरात 'डफरिन' हे प्रशिक्षण जहाज उभं राहिलं तेव्हा पहिल्यांदा भारतीय मुलांना अधिकारी होण्याचं रीतसर शिक्षण मिळालं. पण पास झालेल्यांना परदेशी कंपन्या अधिकारी म्हणून घ्यायला राजी नसत. वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सोबत्यांच्या सिंदिया कंपनीची जहाजं होती म्हणून त्या मुलांना आधार होता. याच कंपनीची 'लॉयल्टी' ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली, आणि तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. 'डफरिन'च्या जागी १९७२मध्ये 'राजेंद्र' आलं, १९९३मध्ये शाळा किनाऱ्यावर, नवी मुंबईत 'चाणक्य'मध्ये गेली. २००८पासून ही आणि अशा इतर सरकारी संस्था भारतीय सागरी विद्यापीठाखाली आहेत. शिक्षण उत्तम आहे. प्रश्न त्यानंतरचा आहे.

सरकार जहाजधंद्याला हात देतं तो का, याचं उत्तर इथे सापडतं. किनाऱ्यावरच्या मालवाहतुकीत परदेशी जहाजाला परवाना घ्यावा लागतो, देशी जहाजाला अग्रक्रम मिळतो. २००४मध्ये टनेज टॅक्स आला: नफ्यावर कर देण्याऐवजी जहाजाच्या टनांवर ठरलेला, हलका कर. त्या सवलतीला एक अट जोडली होती, कंपनीने आपल्या जहाजांवर शिकाऊ मुलं घेतलीच पाहिजेत. ज्याने कुणी ही अट लिहिली त्याला समुद्र कळत होता. माझ्या हाताखाली आलेले कितीतरी कॅडेट या अटीमुळे आले. कंपनीच्या ऑफिसातून कुरकुर होत असे, पण कॅडेट चढत असत.

तरीही पास मुलं जास्त आणि बर्थ कमी. आपल्याकडचे बहुतेक खलाशी-अधिकारी परदेशी झेंड्याच्या जहाजांवर काम करतात, आणि त्या मालकांना तयार माणूस हवा असतो, शिकाऊ नको असतो. दोन-दोन वर्षं बर्थची वाट पाहून, शेवटी कॉल सेंटरात किंवा आंब्याच्या पेट्या भरण्यात अडकलेली पोरं मी पाहिली आहेत. म्हणून सांगतो: प्रवेशाआधी संस्थेला विचारा, पुढे कोणती कंपनी बर्थ देणार आहे? तिचं पत्र दाखवा. 'शंभर टक्के प्लेसमेंट' असं भिंतीवर लिहिलेलं असतं, ते पत्र नव्हे. कंपनीने आधी निवडून मग शिकायला पाठवलेला मुलगा बेफिकीर झोपू शकतो, बाकीच्यांनी जागं राहावं.

४. मला धुक्याने पास केलं

सेकंड मेटच्या तोंडी परीक्षेत मी पहिल्यांदा नापास झालो. मुंबईतल्या 'हे बंदर' भागातल्या कॉलेजात रात्ररात्र बसून नियम पाठ केले होते. सर्व्हेअर साहेबांनी टेबलावर लाकडाची दोन जहाजं ठेवली. "धुकं आहे. रडारवर हे जहाज उजवीकडून तुझ्या पुढे येतंय. काय करशील?" मी घडाघडा सांगितलं, ते माझ्या उजवीकडे आहे, त्याचा हक्क पहिला, मी वाट देईन. त्यांनी शांतपणे मला घरी पाठवलं.

चूक काय ते मला दोन दिवसांनी उमगलं. एकोणिसावा नियम असा, की जिथे एकमेकांना डोळ्यांनी पाहता येत नाही, तिथे कुणाचाच हक्क नसतो. दोघांनीही सावध व्हायचं, समोरच्या बाजूच्या जहाजासाठी शक्यतो डावीकडे वळायचं नाही, पुढून भोंगा ऐकू आला तर वेग अगदी कमी करायचा, वेळ पडली तर थांबायचं.

सात-आठ वर्षांनी पिवळ्या समुद्रात जूनच्या धुक्यात, पहाटे साडेचारला, माझ्या वॉचवर रडारचा पडदा मासेमारी बोटींनी तांदळाच्या दाण्यांसारखा भरला होता. पुढून एक भोंगा आला, जवळून. माझा हात आपोआप इंजिनाच्या दांड्याकडे गेला. जहाज जवळजवळ थांबलं आणि एक मोठं मालवाहू जहाज धुक्यातून निघून आमच्या नाकासमोरून गेलं. त्याच्या डेकवर दोरीवर वाळत घातलेले कपडे मला दिसले. त्या साहेबांनी मला पहिल्याच वेळी पास केलं असतं तर त्या पहाटे मी हक्क शोधत बसलो असतो.

५. वाचवायला धावू नकोस

'नौलक्षी'वर आम्हाला शिकवणारे एक म्हातारे सारंग होते. लाइफबोट उतरवताना, दोर ओढताना, प्रत्येक घाईच्या क्षणी ते ओरडायचे, "थांब! दहा मोज!" आम्हाला राग यायचा.

१९९४. कोळशाचं जहाज, मी चीफ ऑफिसर. होल्ड कित्येक दिवस बंद होते, बंदरात उघडायचे होते. रत्नागिरीकडचा एक तरुण खलाशी बूबी हॅचमधून शिडीने आत उतरला. हवा तपासलेली नव्हती, परवानगी घेतलेली नव्हती. वरून कुणीतरी "बघून ये जरा" म्हटलं आणि तो गेला. कोळसा हवेतला ऑक्सिजन खातो. गंजणारं लोखंडही खातं. बाहेर हवेत एकवीस टक्के असतो. आत तो इतका कमी असू शकतो की दोन-तीन श्वासांत माणूस आवाज न करता कोसळतो. घुसमट वाटत नाही, वास येत नाही.

मी पोहोचलो तेव्हा त्याचा गाववाला, त्याच वयाचा, हॅचमध्ये पाय टाकत होता. मी त्याची बॉयलर सूटची कॉलर धरून त्याला मागे ओढलं. तो माझ्यावर धावून आला. दोघांनी त्याला दाबून धरलं. श्वसनयंत्र चढवून माणूस खाली जाईपर्यंत काही मिनिटं गेली, आणि ती मिनिटं त्या मुलाजवळ नव्हती. ज्याला मी ओढलं होतं तो पुढे दोन महिने माझ्याशी बोलला नाही. आज तो बोसन आहे, त्याला दोन मुली आहेत.

बंद जागेत मरणाऱ्यांमध्ये वाचवायला धावलेले फार असतात. जानेवारी २०१५पासून जगभरच्या जहाजांवर दर दोन महिन्यांनी बंद जागेत शिरण्याचा आणि तिथून माणूस काढण्याचा सराव सक्तीचा आहे. आग विझवण्याचे, पाण्यात तगून राहण्याचे कोर्स दर पाच वर्षांनी उजळावे लागतात. पोरं माझ्याकडे तक्रार घेऊन येतात, "तेच तेच पुन्हा, वर फी." मी त्यांना हॅचची गोष्ट सांगतो. नुसतं प्रमाणपत्र विकणारेही आहेत, पैसे भरा आणि पोहण्याच्या तलावात न उतरता कागद घ्या. असा कागद घेतलेल्या माणसाच्या शेजारी मला माझा मुलगा उभा नको आहे.

६. विश्रांतीचा तक्ता खोटा भरू नका. चोवीस तासांत किमान दहा तास, आठवड्यात सत्त्याहत्तर. बंदरात हे जमत नाही, मला माहीत आहे. जमलं नाही तर जमलं नाही असं लिहा. माणसं कमी आहेत हे तपासणीला येणाऱ्याला त्या तक्त्याशिवाय कुठून कळणार?

७. मुलींना थांबवू नका

अलिबागकडची एक मुलगी आईला घेऊन आली होती. आईला माझ्याकडून 'नाही' ऐकायचं होतं. मी तिला कॅप्टन राधिका मेनन यांची हकीकत सांगितली. जून २०१५मध्ये 'संपूर्ण स्वराज्य' या टँकरच्या त्या कॅप्टन होत्या. बंगालच्या उपसागरात खवळलेल्या पाण्यात 'दुर्गम्मा' नावाची मासेमारी बोट भरकटली होती, त्यातल्या सातही जणांना त्यांनी वर काढलं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचं शौर्यपदक मिळवणाऱ्या त्या जगातल्या पहिल्या महिला. ती मुलगी आता थर्ड ऑफिसर आहे. आई तिच्या जहाजाचं नाव शेजाऱ्यांना सांगत फिरते.

८. घरात एक जाड पाकीट हवं

माझ्याबरोबर काम केलेला एक बोसन सुट्टीवर असताना हृदयविकाराने गेला. त्याची बायको माझ्याकडे एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. आत सीडीसीच्या झेरॉक्सचं एक पान, एक जुना करार आणि लग्नाचा फोटो. खलाशांसाठी १९६६च्या कायद्याने भविष्य निर्वाह निधी आहे, त्यात त्याचे वर्षानुवर्षांचे पैसे होते. पण वारस म्हणून त्याने नाव लिहिलं होतं आईचं, लग्नाच्या आधी, आणि आई सहा वर्षांपूर्वी वारली होती. बायकोचा काही दोष नाही, निधीच्या लोकांचाही नाही. एक नाव बदलायचं राहून गेलं, आणि ती बाई दाखल्यांसाठी दापोली ते मुंबई किती खेटे घालत होती ते मी मोजणं सोडून दिलं.

दुसरी एक जागा मला आठवते. मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात बुडालेल्या खलाशांचं स्मारक आहे. दोन हजारांहून जास्त नावं. त्यांना थडगं नाही, समुद्र हेच थडगं. मी संस्थेत असताना दर तुकडीला तिथे न्यायचो. पोरं आपल्या गावासारखी आडनावं शोधत. मला मात्र दर वेळी त्या नावांच्या मागच्या बायका दिसत. त्यांच्या हातात कुठला कागद होता?

म्हणून निघण्याआधी घरी पाकीट करायचं. इंडोस क्रमांक (महानिदेशालयाकडचा खलाशाचा नोंदणी क्रमांक), सीडीसीची सगळी पानं, कराराची प्रत, कंपनीचा परवाना क्रमांक आणि फोन, जहाजाचं नाव आणि आयएमओ क्रमांक, विम्याचा कागद, निधीतल्या वारसाच्या नावाची पोच. पगारातून दरमहा किती रक्कम घरी येणार तेही लिहून. आणि ते पाकीट उघडून बायकोला किंवा आईला एकदा वाचून दाखवायचं. ती तुमच्याइतकीच या धंद्यात आहे.

टगवर अडकलेला आमच्या वाडीतला तो मुलगा पुन्हा समुद्रावर गेला. या वेळी परवाना असलेल्या कंपनीकडून, एक पैसा न देता. निघण्याच्या आदल्या रात्री तो आणि त्याची आई पडवीत आले, आणि त्याने मोबाइलवर परवाना क्रमांक काढून मला एकेक आकडा वाचून दाखवला. परवा त्यांच्या घरी गेलो होतो. स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेलं आहे. त्याच्या पानावर, दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी, त्या माउलीने निळ्या पेनाने सात आकडे लिहून ठेवले आहेत. जहाज बदललं की ती नवे सात आकडे लिहिते आणि जुने खोडत नाही.